लिथियम बॅटरी घरात चार्ज करताना : आधी जागा, मग बाकीचं

कोल्हापुरात मंगळवार पेठेतलं एक दुमजली घर. रस्त्याकडं एकच दार, दारातून आत आलं की सोपा, आणि सोप्याच्या कोपऱ्यातून माडीवर जाणारा लाकडी जिना. जिन्याखाली इलेक्ट्रिक स्कूटर लावलेली. शेजारच्या बोर्डातून तिला रात्रभर चार्जिंग. मला बोलावलं होतं माडीवरचा पंखा बदलायला. निघताना घरातले काका म्हणाले, "जरा ह्या पिनेला हात लावून बघा, काल चटका बसला."

मेन बंद करून सॉकेट खोललं. आतली एक पितळी पकड काळीनिळी पडली होती. तिच्या मागच्या वायरचं आवरण भाजलेल्या पापडासारखं फुगून तडकलं होतं, आणि स्क्रू बोटानं फिरत होता इतका सैल. सॉकेट बदलणं दहा मिनिटांचं काम होतं, ते केलं. पण माझी नजर सारखी जिन्याकडं जात होती. मी विचारलं, "काका, वर किती जण झोपता?" म्हणाले, "सहा. आईसुद्धा वरच." मग मी म्हटलं, "रात्री इथं पेटलं, तर आजींना उतरवणार कुठून?" काका जिन्याकडं बघत राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला, परड्यात पॉइंट काढून द्या म्हणून.

मी वीसेक वर्षं वायरमनचं काम करतोय. गेल्या काही वर्षांत चार्जिंगच्या पॉइंटसाठी येणारे फोन खूप वाढलेत. बहुतेक जण विचारतात किती अँपिअरचं सॉकेट बसवू. कुठं बसवू, हे क्वचितच कोणी विचारतं. ज्यांनी पहिल्यांदाच इलेक्ट्रिक स्कूटर, लिथियमचा इन्व्हर्टर किंवा बॅटरीवरचा फवारणी पंप घेतलाय, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

बॅटरीच्या आत काय असतं

लिथियम आयन सेलमध्ये दोन थर असतात, आणि त्यांच्यामध्ये प्लॅस्टिकचा पातळ पडदा. डोक्यावरच्या केसाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढी त्याची जाडी. सगळं भिजलेलं असतं एका द्रावणात, आणि ते द्रावण स्वतः पेट घेणारं. सेल दबला, आपटला, आत पाणी गेलं, क्षमतेपेक्षा जास्त चार्ज झाला किंवा कारखान्यातच दोष राहिला, तर तो पडदा कुठंतरी फाटतो. दोन थर एकमेकांना चिकटतात, आतल्या आत शॉर्ट होतो आणि सेल तापतो. साधारण १३० अंशांच्या पुढं पडदा वितळायला लागतो. मग तापल्यामुळं आतली रासायनिक क्रिया वाढते, आणि त्या क्रियेमुळं आणखी ताप. एक सेल गेला की शेजारचा तापतो, मग त्याच्या शेजारचा.

यातली एक गोष्ट नीट ध्यानात घ्या, कारण तिथं भलेभले फसतात. ही उष्णता बाहेरच्या लाइटीतून येत नाही, ती बॅटरीच्या आतच साठलेली असते. म्हणून एमसीबी पडला, मेन बंद झाला, तरी सुरू झालेला प्रकार थांबत नाही. "आमच्याकडं चांगल्यातला एमसीबी आहे" असं मला कितीतरी जण सांगतात. एमसीबी तुमची वायर वाचवतो. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी माणसाला शॉकपासून वाचवतो. दोन्ही बसवाच, पण बॅटरीच्या पोटातलं त्यांना दिसत नाही.

आकाराचाही अंदाज हवा. ५००० एमएएचच्या मोबाइलच्या बॅटरीत साधारण १९ वॉट-अवर ऊर्जा असते. स्कूटरची बॅटरी २ किलोवॉट-अवरची धरली, तर ती शंभर मोबाइलांच्या बरोबरीची झाली. शंभर मोबाइल एकत्र बांधून कोणी जिन्याखाली चार्जिंगला लावणार नाही.

पहिली पायरी : जागा ठरवा

माझं ऐकून एकच गोष्ट करणार असाल, तर ही करा. घरातून बाहेर पडायच्या वाटेवर चार्जिंग लावू नका. दाराजवळ नको, जिन्याखाली नको, बोळात नको.

१२ सप्टेंबर २०२२ ला सिकंदराबादमध्ये एका हॉटेलच्या इमारतीत आग लागली. खाली इलेक्ट्रिक स्कूटरचं शोरूम होतं. धूर जिन्यानं वर चढला आणि ८ जण गेले. जिना धुरासाठी धुराड्यासारखं काम करतो. माणसाला उतरायची आणि धुराला चढायची वाट एकच असते. आपल्या शिवाजी पेठेत, मंगळवार पेठेत, शुक्रवार पेठेत अशी किती घरं आहेत की ज्यांना मागचं दारच नाही. वरती कडीपाटाची माडी, लाकडी तुळया, माळ्यावर जुनी कागदपत्रं आणि गाद्या. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळताना आपण सगळ्यांनी पाहिलं. त्याचा बॅटरीशी काही संबंध जोडत नाही, पण जुन्या वास्तूतलं लाकूड पेटल्यावर किती वेळ मिळतो, हे त्या रात्री गावानं डोळ्यांनी बघितलंय.

मग लावायचं कुठं? परडं असेल तर परड्यात, पत्र्याची किंवा सिमेंटची छोटी शेड करून, पावसाची झड लागणार नाही अशा बेतानं. अंगण असेल तर घराच्या भिंतीपासून आणि खिडकीपासून थोडं लांब. अपार्टमेंटमध्ये पार्किंगला लावायचं, पण जिन्याच्या तोंडाशी आणि मीटरच्या पॅनेलखाली नाही. राजारामपुरीत, नागाळा पार्कात बऱ्याच इमारतींत मीटर बोर्ड नेमका जिन्याखाली असतो आणि सोयीचा पॉइंट म्हणून लोक तिथंच लावतात. सोसायटीच्या मीटिंगमध्ये हा विषय काढा आणि मोकळ्या बाजूला स्वतंत्र पॉइंट, स्वतंत्र एमसीबीसह, मागून घ्या. केबल थोडी लांब ओढावी लागते, खर्च वाढतो. तो करावा.

बॅटरी काढून वर न्यायची सोय असलेली गाडी असेल, तर बॅटरी फरशीवर ठेवा. लाकडी कपाटावर, सोफ्यावर, पायपुसण्यावर नको. आजूबाजूला तीनेक फूट पडदा, कागद, गादी काही नसावं. गॅसच्या सिलिंडरजवळ तर अजिबात नको. गॅलरी उत्तम, पण दुपारचं ऊन थेट पडत नसेल तरच. जिथं झोपता त्या खोलीत आणि त्या खोलीच्या दाराबाहेर ठेवू नका.

शेतकऱ्यांना एक वेगळं सांगायचंय. फवारणीचा पंप घरी आणला की तो गोठ्यात जातो आणि तिथंच चार्जिंगला लागतो. शेजारी पिंजर, कडबा, वर लाकडी वासे, आणि दावणीला बांधलेली जनावरं, ज्यांना स्वतःहून बाहेर पडता येत नाही. पंपाची बॅटरी लहान असते हे खरं, पण पिंजर पेटवायला ती पुरेशी आहे. पंप गोठ्याबाहेर, दगडी कट्ट्यावर ठेवून चार्ज करा.

दुसरी पायरी : बोर्ड आणि वायर

मिक्सर पाच मिनिटं चालतो. चार्जर चार-पाच तास सलग चालतो. त्यामुळं जो सैल जोड मिक्सरला कळत नाही, तो चार्जरला कळतो. स्कूटरच्या साध्या चार्जरला तीन-साडेतीन अँपिअरपेक्षा जास्त क्वचितच लागतात, म्हणजे करंट फार नाही. पण जोड सैल असला की तेवढ्यानंही पितळ तापतं, तापून पकड आणखी सैल होते.

चार्जिंगसाठी १६ अँपिअरचं आयएसआय खुणेचं सॉकेट, मागं अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, आणि ती थेट डीबीतून, म्हणजे घरातल्या एमसीबींच्या मुख्य पेटीतून, स्वतंत्र आणलेली असावी. अर्थिंग खरोखर आहे का ते वायरमनकडून तपासून घ्या. पेठेतल्या जुन्या घरांत तिसऱ्या भोकात वायरच नसते, हे मी आठवड्यातून एकदा तरी बघतो. तीन पिनांच्या चार्जरची वरची जाड पिन तोडून दोन पिनांत घुसवणं बंद करा. एक्स्टेन्शन बोर्डवर, मल्टिप्लगवर स्कूटर किंवा इन्व्हर्टर चार्ज करायचा नाही. वायर पायपुसण्याखालून, दाराच्या फटीतून न्यायची नाही.

तपासणी सोपी आहे. चार्जिंग सुरू करून अर्ध्या तासानं पिनेच्या प्लॅस्टिकवर आणि सॉकेटच्या बाहेरच्या भागावर उलट्या हाताची बोटं ठेवा. कोमट लागलं तर चालतं. बोटं ठेववत नसतील, प्लॅस्टिक पिवळं-तपकिरी झालं असेल, किंवा जळकट वास असेल, तर चार्जिंग बंद. आधी बोर्डाचं बटण बंद करा, मग पिन काढा.

तिसरी पायरी : ज्याचा चार्जर त्यालाच

"दोन्ही ४८ वोल्टचेच आहेत की," असं म्हणून शेजाऱ्याचा चार्जर लावला जातो. इथं थोडं गणित करू. एका प्रकारच्या पॅकमध्ये १३ सेल एकामागं एक जोडलेले असतात आणि प्रत्येक सेल भरल्यावर ४.२ वोल्टला जातो. म्हणजे पूर्ण पॅक ५४.६ वोल्टला भरतो. दुसरा प्रकार एलएफपीचा, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटचा. त्यात १६ सेल, प्रत्येक ३.६५ वोल्टला भरणारा, म्हणजे ५८.४ वोल्ट. बाजारात दोन्हींना ४८ च म्हणतात. आता दुसऱ्याचा चार्जर पहिल्याला लावला, तर प्रत्येक सेलवर जवळजवळ साडेचार वोल्ट चढतील. आतलं बीएमएस, म्हणजे सेलवर लक्ष ठेवणारं सर्किट, चार्जिंग मध्येच तोडेल अशी अपेक्षा असते, आणि चांगलं असेल तर तोडतंही. पण एकट्या त्याच्या भरवशावर घर ठेवू नये. लेड-ॲसिड बॅटरीचा जुना चार्जर लिथियमला लावणं हाही याच जातीचा धोका.

एलएफपी सेल तुलनेनं शांत असतात, पेटायला जास्त तापमान लागतं. घ्यायची निवड असेल तर मी तेच घ्या म्हणेन. ते पेटतच नाहीत असं मात्र समजू नका.

चार्जर खराब झाला तर कंपनीचाच घ्या, पैसे जास्त गेले तरी. बॅटरी कमी पळायला लागली की "आतले सेल बदलून देतो" म्हणणारे भेटतात. वेगवेगळ्या वयाचे, वेगवेगळ्या क्षमतेचे सेल एकत्र जोडलेला पॅक ही मला सगळ्यात जास्त काळजीची गोष्ट वाटते, कारण बाहेरून तो नव्यासारखाच दिसतो.

जुनी गाडी घेताना तिची बॅटरी कधीची आहे ते विचारा. २०२२ मध्ये देशात स्कूटर पेटण्याच्या घटनांनंतर एआयएस-१५६ या मानकात बॅटरीच्या चाचण्या कडक झाल्या. त्या दोन टप्प्यांत, १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ पासून लागू झाल्या. त्याआधीची गाडी असेल तर जास्त बारकाईनं बघा. ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या, २५० वॉटपर्यंतच्या गाड्यांना नोंदणी आणि लायसन लागत नाही. त्यामुळं तिथंही आपली आपणच खात्री करावी लागते. पॉवर बँक आणि मोबाइलच्या बॅटरीवर भारतीय मानक ब्युरोची खूण आणि 'आर' अक्षरानं सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. बीआयएस केअर हे ॲप घेऊन त्यात तो क्रमांक टाकला की कोणत्या उत्पादकाचा ते कळतं. क्रमांकच नसेल तर घेऊ नका.

चौथी पायरी : वेळ

गाडी आल्या आल्या चार्जिंगला लावू नका. जोतिबाचा डोंगर किंवा पन्हाळा चढून आलात तर बॅटरी चांगलीच तापलेली असते. अर्धा-पाऊण तास सावलीत थांबू द्या. बहुतेक सेलना ४५ अंशांच्या वर चार्ज करायची परवानगी नसते, आणि एप्रिल-मे महिन्यात दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेली बॅटरी तिथंवर सहज पोचते. त्या दिवसांत सकाळी किंवा संध्याकाळी लावा.

रात्रभर लावून झोपणं टाळा. घरात कोणीतरी जागं आहे, अशा वेळी चार्ज करायचं. संध्याकाळी सात ते अकरा ही वेळ बहुतेकांना जमते. रोज शंभर टक्के भरायचीही गरज नाही, गावातल्या गावात फिरायला ऐंशी टक्के भरपूर होतात आणि बॅटरीही जास्त टिकते. गावी जाणार असाल तर बॅटरी निम्मी भरलेली ठेवा आणि चार्जर काढून ठेवा.

चार्जिंगच्या जागेवर छताला धुराचा अलार्म लावा. पेन्सिल सेलवर चालणारे, भोंगा असलेले छोटे अलार्म मिळतात. रात्री माणसाला धुरानं जाग येईल या भरवशावर राहू नका. झोपेत वास येत नाही.

मोबाइलबद्दल थोडंच. उशीखाली, गोधडीत, गादीवर चार्जिंग नको, कारण उष्णता बाहेर पडायला वाट राहत नाही. टेबलावर किंवा फरशीवर ठेवा. मुलांची बॅटरीवरची खेळणी आणि स्वस्तातल्या टॉर्च यांत चार्जिंग आपोआप थांबायची सोय बऱ्याचदा नसते, त्यामुळं दिलेला वेळ झाला की काढा.

बॅटरी बिघडल्याच्या खुणा

फुगलेली कड, मोबाइलचं वर उचललेलं झाकण, कारण नसताना तापणं, ऐंशी टक्क्यांवरून एकदम वीसवर येणं, चार्जरवरचा दिवा कधीच हिरवा न होणं. आणि वास. नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा गोडसर, नाकात चढणारा वास आला तर सेल फुटून आतलं द्रावण बाहेर येतंय असं समजा. यातलं काहीही दिसलं की ती बॅटरी पुन्हा चार्जिंगला लावायची नाही, एकदासुद्धा नाही. दाबून बघू नका, टोचून हवा काढायचा प्रयत्न करू नका. गाडी पडली असेल आणि बॅटरीच्या पेटीला मार बसला असेल, तर वरून ठीक दिसली तरी सर्व्हिसला दाखवा. मार लागल्यानंतर काही दिवसांनीही बिघाड होऊ शकतो.

पुराचं पाणी

पंचगंगेची राजाराम बंधाऱ्याजवळची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. हे आकडे आपल्याकडं शाळकरी पोरालाही पाठ असतात. २०१९ आणि २०२१ ला व्हीनस कॉर्नर, शाहूपुरीची कुंभार गल्ली, रमणमळा इथं दुचाकी पाण्यात उभ्या होत्या. त्या पेट्रोलच्या होत्या, ऑइल बदलून, प्लग साफ करून पुन्हा चालल्या. इलेक्ट्रिक गाडीचं तसं होत नाही.

पाणी ३९ फुटांकडं सरकायला लागलं की गाडी आणि काढता येणारी बॅटरी आधीच उंचावर हलवा. इन्व्हर्टरची बॅटरी जमिनीवर असेल तर वायरमनला बोलावून सोडवून वर ठेवा. पॅक पाण्यात बुडालाच, तर वाळवून लावून बघू नका. आत शिरलेला गाळ आणि क्षार जोडांवर बसतात आणि गंज चढून काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनीही शॉर्ट होतो. पाणी ओसरल्यावर गाडी घरात घेऊ नका. ती भिंतींपासून, इतर गाड्यांपासून लांब, मोकळ्यावर उभी करा आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला कळवा. पाण्यात असतानाच बॅटरीच्या पेटीतून बुडबुडे किंवा वाफ येताना दिसली तर जवळ जाऊ नका.

पेटलंच तर

बॅटरीतून फस्स असा आवाज आणि पांढरा धूर यायला लागला की तुमच्याकडं फार थोडा वेळ आहे. तो धूर वाफेसारखा दिसतो पण विषारी असतो. त्यात हायड्रोजन फ्लोराइडसारखा वायू असतो आणि तो धूर पेटही घेतो. बंद खोलीत तो साठला तर स्फोट होऊ शकतो, म्हणून गॅस गळतीत जसं करतो तसं, लाइट-पंख्याचं बटण दाबू नका. स्कूटरची किंवा इन्व्हर्टरची बॅटरी असेल तर विझवायच्या नादाला लागू नका. सगळ्यांना उठवा, बाहेर पडा, मागं दार ओढून घ्या. मेन स्विच वाटेत, धुरापासून लांब असेल तरच बंद करा. धुरातून जायची वेळ आली तर वाकून, जमिनीलगत.

१०१ किंवा ११२ ला फोन करा आणि बॅटरीची आग आहे हे सांगा. पेठेत राहत असाल तर बोळाचं तोंड कुठल्या रस्त्याला आहे, बंब कुठपर्यंत येतो, तेही सांगा. तालमीतल्या पोरांना बोळात लावलेल्या गाड्या हलवायला पाठवा. बंब पोचायला नेहमी तिथंच अडकतो.

मोबाइल किंवा पॉवर बँकेसारखी लहान वस्तू असेल, बाहेर पडायची वाट तुमच्या पाठीशी असेल आणि चार्जरचं बटण बंद करता आलं असेल, तर लांबून भरपूर पाणी ओता. पाण्यानं सेल थंड होतो. पावडरचा अग्निशामक आजूबाजूचं सामान विझवतो, पण सेलच्या आतली उष्णता तशीच राहते, त्यामुळं आग पुन्हा उठते. विझलेली बॅटरी काही तासांनी, दुसऱ्या दिवशीही परत पेटू शकते. ती घरात ठेवू नका. कुणी धूर गिळला असेल तर बरं वाटत असलं तरी डॉक्टरला दाखवा, रुग्णवाहिकेला १०८.

जुनी बॅटरी

घंटागाडीत टाकायची नाही. कचरा दाबणाऱ्या गाडीत ती चिरडली की तिथंच पेटते, आणि ती गाडी ओढणारी माणसं आपल्याच गावची आहेत. भंगारवाल्यालाही नको, तो तांब्यासाठी ती फोडतो. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करायची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. त्यामुळं जिथून घेतली तिथं किंवा सर्व्हिस सेंटरला नेऊन द्या आणि ते नाही म्हणाले तर लेखी मागा.

मागच्या वर्षी आमच्या गावाकडच्या पंपाची बॅटरी अशीच फुगली. निळं आवरण ताणून चकचकीत झालं होतं, आणि फरशीवर ठेवली की डुलायची. भावानं ती कपाटात ठेवली होती, "बघू नंतर" म्हणून. मी दोन्ही टोकांना वेगवेगळी चिकटपट्टी लावली, लोखंडी बादलीत कोरडी वाळू भरली, बॅटरी तिच्यात पुरली आणि बादली परड्याच्या टोकाला, उंबराच्या झाडापलीकडं नेऊन ठेवली. चार दिवसांनी कोल्हापूरला येताना ती बादली वाळूसकट टेम्पोच्या हौद्यात घेतली आणि जिथून पंप घेतला त्या दुकानात नेऊन दिली. दुकानदार आधी घेईना. नियम सांगितला, मग त्यानं वहीत नोंद करून ठेवून घेतली.